डाव्या पावलाची रेघ

"बाई काय आरशातनं चालते व्हय गं, रत्ना?"

वडिलांचं, म्हणजे आप्पांचं, हे बोलणं रत्नप्रभा मगदूमच्या कानात पंचेचाळीस वर्षं मुक्कामाला होतं. हुपरीतल्या पत्र्याच्या कारखान्यात बसून तिनं पहिलं पैंजण कागदावर काढलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती. उजव्या पायाचं झालं. डाव्यासाठी पोरीनं शक्कल लढवली. कागद उलटा केला, खिडकीच्या काचेला लावला आणि उन्हात दिसणारी रेघ गिरवून घेतली. पाच मिनिटांत जोड तयार! आप्पा ओरडले नाहीत, कागद फाडला नाही. तेवढं एक विचारलं आणि पेन्सिल तिच्या उजव्या हातातून काढून डाव्या हातात दिली.

"उजवं पैंजण उजव्या हातानं, डावं डाव्या हातानं. दोन पाय म्हंजे दोन भैणी. एक पुढं पळती, दुसरी भार घेती. तोंडं सारखी असतील, चाल कशी सारखी असंल?"

मगदुमांच्या घरची ही रीत. गावात चांदीचं काम घरोघर, पण दोन्ही हातांनी नक्षी काढणारं घर हे एकच. उजव्या पानावरची वेल टोकाशी चपळ, डाव्या पानावरची जरा रेंगाळणारी, पोटाशी गोल. असा जोड घालून बाई चालली की दोन पायांतली घुंगरं वेगवेगळं बोलायची. अंगणात घुंगरं ओवणाऱ्या बायकांनी त्यावर गाणंच रचलं होतं:

डावं पाऊल सांगतं उजव्याच्या गं कानात
दोघी मिळून जाऊ माय-बापाच्या रानात

आणि आता चौपन्नाव्या वर्षी, कोल्हापुरातल्या डॉक्टर मुजावरांच्या खोलीत, रत्नप्रभा पुन्हा कागदापुढे बसली होती. त्याच सकाळी बसस्थानकाच्या पायरीवर तिचा डावा पाय उचललाच गेला नाही. ती तोंडावर पडली. शेजारच्या कमलाबाईनं धरून आणलं होतं.

"यावर एक चकली काढा," डॉक्टर बाई म्हणाल्या. "आतून बाहेर. न थांबता. आधी उजव्या हातानं."

उजव्या हाताची चकली जरा कापरी आली.

"आता डाव्या."

डाव्या हातानं दोन वेढे घेतले. तिसरा वेढा दुसऱ्याला चिकटला. चौथा निघालाच नाही. कागदावर मुंग्यांनी चिखलात पाय ओढावेत तशी रेघ राहिली. रत्नप्रभानं हात झटकन पदराखाली घेतला.

"कंपवात आहे, ताई," डॉक्टर सावकाश म्हणाल्या. "मेंदूत एका जागी मूठभर पेशी असतात. हाताला 'चल' म्हणून सांगणारं द्रव्य त्या तयार करतात. त्या मरायला लागल्या की हात घुटमळतो, लहान लहान हालतो, थरथरतो. बहुतेक वेळा एकाच बाजूनं सुरू होतं. पहिल्यांदा कधी जाणवलं?"

"यंदाच. दिवाळीनंतर."

डॉक्टरांनी तिला दारापर्यंत चालायला लावलं, परत आणलं. "चालताना तुमचा डावा हात हलतच नाही. हे एका वर्षाचं दुखणं नाही." त्यांनी तिला खुर्चीत बसवलं. "आता नवं औषध आहे. मेलेल्या पेशी ते उठवत नाही, पण उरलेल्या राखतं. पहिल्या दोन वर्षांत दिलं तर रोग आहे तिथं थांबतो, माणूस आयुष्यभर काम करतं. त्यानंतर दिलं तर... देऊ आपण. पण फार आशा लावणार नाही मी. तुम्ही काम काय करता?"

"पैंजणाची चित्रं काढते. पदन्यास सिल्व्हर कारखान्यासाठी."

"म्हणजे चित्रं 'सुरेख'वर जातात?"

"सगळी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मग त्या मशीनला कळलं असणार, ताई. काही वर्षांपूर्वीच. ते नोंद ठेवतं. तुम्हाला कुणी काहीच सांगितलं नाही?"

रत्नप्रभाच्या छातीत काहीतरी भप्पकन पेटलं. पेटलं ते बरं वाटलं. राग आला की हात थरथरला तरी माणसं रागानंच थरथरला म्हणतात.

*

'सुरेख' काय आहे ते तिला सात वर्षांपूर्वी सन्मतीनं समजावलं होतं. सन्मती म्हणजे तिच्या भावाची मुलगी. भाऊ-भावजय एका अपघातात गेल्यावर दोन वर्षांच्या सनूला रत्नप्रभानंच वाढवलं, आणि त्या घरात तिसरं कुणी आलं नाही. सनू शिकली, पदन्यास सिल्व्हरमध्ये रेखांकन विभागात लागली. कारखान्यात 'सुरेख' आली तेव्हा आत्तीला हाताला धरून घेऊन गेली होती.

"हे बघ आत्ती. तुझ्या चित्राचा फोटो काढला तर तो ठिपक्यांचा. मोठा करत गेलं की वाऱ्यानं रांगोळी विस्कटावी तसा विस्कटतो. ही ठिपके ठेवतच नाही. ही रेघेला सांगून ठेवते की इथून नीघ, तिथं पोच, आणि वाटेत या दोन न दिसणाऱ्या खुंट्या ओढतील तेवढीच वाक. खुंट्यांच्या जागा म्हणजे नुसते आकडे. मग ती वेल अंगठीएवढी कर की देवळाच्या कमानीएवढी, धार तशीच. साचा कापणारं यंत्र तेच आकडे वाचतं आणि पोलादात वेल उतरवतं."

एवढं तर जुनी मशीनंही करत. 'सुरेख' पुढे गेली होती. पेन्सिल कुठं दाबली गेली, शिसाचे कण कुठल्या अंगाला लवले, यावरून हात कुठं पळाला आणि कुठं थबकला हे ती ओळखायची. काढलेल्या रेघेवरून काढणारा हात. हजारभर पानं पोटात गेली की तो हातच तिच्या पोटात तयार व्हायचा, आणि मग माणसानं कधी न काढलेली वेलही त्याच हातानं काढायचा.

एक गोष्ट मात्र उरायची. माणसाची खरी रेघ आणि आकड्यांची गुळगुळीत रेघ यांच्यात केसाएवढं अंतर पडतं. त्याला 'शेष' म्हणत. शेष गाळला की चित्र स्वच्छ. पण तो फेकून देत नसत. दर माणसाचा शेष निराळा, अंगठ्याच्या ठशासारखा. नकली मालातून असली ओळखायला तो जपून ठेवत. निरोगी हाताचा शेष वेडावाकडा, कुठलाच ताल नसलेला. कंपवाताच्या हाताला ताल असतो, सेकंदाला चार-पाच ठोके. कागदावर ते ठोके सारख्या अंतरानं उमटत जातात, डोळ्यांना न दिसता. मशीनला दिसतात.

*

"या रत्नाक्का, बसा. चहा सांगू?" पदन्यासचे मालक भूपालशेठ खुर्चीतून अर्धे उठले.

"चहा नको. माझा शेष द्या."

"काय?"

"शेष. माझ्या हातातनं गाळलेला. सात वर्षांचा. तुमच्या बापाला मी चहा पाजलाय शेठ, मला नका पाजू."

शेठ हसले, मग तिचा चेहरा बघून थांबले. त्यांनी कराराचं काहीतरी काढलं, हाताची माहिती कंपनीच्या मालकीची वगैरे. रत्नप्रभा उभीच होती. गेल्या दिवाळीला याच माणसानं तिला शाल देऊन सांगितलं होतं, अक्का, आता पानं नकोत, भरपूर झाली, तुम्ही सल्लागार. त्या शालीचा अर्थ तिला आता कळत होता. पोटभर गिळून झाल्यावर ताट सरकवतात, तसं.

ती वळली आणि पाय ओढत थेट रेखांकन विभागात शिरली. काचेच्या खोलीत बारा-पंधरा पोरंपोरी पडद्यांपुढे बसली होती. सन्मती उठून धावत आली.

"आत्ती! पडलीस म्हणं? कमलाकाकूचा फोन आला मला. डॉक्टर काय—"

"माझं पान उघड. डाव्या हाताचं. शेष दाखव."

सन्मतीचा चेहरा राखेसारखा झाला. एका घडीत.

"इथं नको, आत्ती. घरी बोलू."

"घरी मशीन हाय काय?"

शेठ मागून येऊन दारात उभे होते. त्यांनी 'दाखव' म्हणून मान हलवली. सन्मतीनं भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर दोन रेघा उघडल्या. उजव्या हाताची निळी, डाव्याची तांबडी. सात वर्षं डावीकडून उजवीकडे पसरलेली. पहिली तीन वर्षं दोघी जवळजवळ, शेतातल्या दोन बांधांसारख्या सपाट. मग चार वर्षांमागच्या आषाढात तांबडीनं डोकं वर काढलं. वर, आणखी वर. तिच्या अंगाला लाल टिकल्या लागल्या होत्या.

"ह्या काय?"

शेजारच्या पोरानं भीतभीत वाचून दाखवलं. "तालबद्ध कंप. वैद्यकीय तपासणी सुचवली."

"किती वेळा?"

"एकसष्ट."

"आणि खाली बारीक काय लिहिलंय?"

पोरगं सन्मतीकडे बघू लागलं. रत्नप्रभा पडद्याजवळ गेली आणि तिनं स्वतःच वाचलं. दर टिकलीखाली तेच. 'दुर्लक्ष केले. स. मगदूम.' 'दुर्लक्ष केले. स. मगदूम.' एकसष्ट वेळा.

त्यानंतर ती जे बोलली ते आख्ख्या कारखान्यानं ऐकलं. पॉलिशचे पट्टे थांबले, खालच्या बायका जिन्यात येऊन उभ्या राहिल्या.

"जिला मी छातीशी धरून वाढवली, तिनं! रोज संध्याकाळी माझ्या ताटात जेवत होतीस आणि दिवसा माझ्या मरणावर बोट दाबून 'दुर्लक्ष' करत होतीस? दोन वर्षं होती माझ्याकडं, सनू! दोन वर्षं! एक शब्द टाकला असतास तर हा हात आज माझा असता! शेठ, बघत काय उभा राहिलाय? हिला काढा. आजच्या आज काढा. जिनं हे दाबलं तिला हुपरीत कुणी दारात उभं करता कामा नये!"

"न्याय होईल, अक्का," शेठ फार हळू म्हणाले. "कंपनी तुमच्या पाठीशी आहे. शुक्रवारी कागद करू." त्यांच्या आवाजात एवढी सुटका होती की दुसऱ्या एखाद्या दिवशी रत्नप्रभाला ती ऐकू आली असती.

सन्मती खाली मान घालून उभी होती. रत्नप्रभानं तिच्याकडे पाठ केली, आणि तेव्हा तिची नजर पडद्याच्या उरलेल्या भागावर गेली.

तांबडी रेघ चौदा महिने चढत होती. आणि मग, भाद्रपदात, एका सोमवारी ती खाली कोसळली होती. थेट निळीच्या शेजारी. त्यानंतर एकही टिकली नाही. शाल मिळेपर्यंत सगळं स्वच्छ.

"मधेच बरं झालं होतं काय की," ते पोरगं पुटपुटलं.

त्या सोमवारी काय झालं होतं, हे त्या खोलीत एकट्या रत्नप्रभाला माहीत होतं.

तिनं दार लावून घेतलं होतं. कोऱ्या पानाच्या कोपऱ्यात 'डावे' असं लिहिलं होतं. आणि पेन्सिल उजव्या हातात धरून डाव्या पावलाची वेल काढली होती. रेंगाळणारी, पोटाशी गोल, बघणाऱ्याला डावीच वाटावी अशी. आत्तापर्यंत न चुकलेली रीत तिनं त्या दिवशी मोडली आणि पुढे दोन वर्षांहून जास्त रोज मोडत राहिली. 'सुरेख'ला थरथर शोधायला सांगितलं होतं. हात कुठला, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

का, ते सांगायला तिला आप्पांची शेवटची सहा वर्षं पुरेशी होती. त्यांचाही हात असाच गेला होता. भूपालशेठच्या वडिलांनी त्यांना काढलं नाही. मोठ्या मनानं दारातल्या बाकावर बसवलं, घुंगरं निवडायला. दहा घुंगरं उचलायची, सात सांडायची. कामाला येणारी पोरं वाकून उचलून द्यायची आणि पुढे जाऊन हसायची. आप्पा कुणाला काही बोलले नाहीत. मरेपर्यंत बोलले नाहीत. तो बाक तिनं रोज जाता-येता बघितला होता.

पडद्यासमोर तिचे ओठ हलले. पण खोलीत इतकी माणसं होती. ती पाय ओढत बाहेर पडली.

*

संध्याकाळी सन्मती नेहमीच्या वेळी घरी आली. रत्नप्रभानं चुलीपाशी पाठ करून भांडी आपटायला सुरुवात केली.

"जेवायला नाही आले," सन्मती दारातूनच म्हणाली. "बोलायला आलेय. मग जाते मैत्रिणीकडं."

"जा की. कुणी धरलंय?"

"पहिल्यांदा टिकली आली तेव्हा मला वाटलं ताप असंल. मशीन तंबाखू खाणाऱ्यांनाही दाखवतं, रडून काढलं तरी दाखवतं. पाचव्या वेळी मी शेठना सांगितलं. ते म्हणाले, हाताची माहिती बाहेर गेली तर करार मोडला, आणि दोन्ही हात मशीनमध्ये उतरायला लागणाऱ्या दोन हजार पानांची घाई हाय, पानं थांबायला नकोत. 'दुर्लक्ष' हे बटण तर त्यांनी आधीपासूनच बसवून घेतलं होतं. ते दाबल्याशिवाय पान पुढंच जात नाही. पण आत्ती, त्यांचं नाव मी पुढं करणार नाही. बोट माझं होतं."

"मग दाबलंस कशाला? भ्यालीस त्यांना?"

"त्यांना नाही." सन्मतीचा आवाज पहिल्यांदा फुटला. "तुला भ्याले. तुझा हात गेला असं तुला तोंडावर कुणी सांगायचं? आजोबांचं नाव काढलं तरी तू घरातनं उठून जातीस! मी रोज जिभेवर आणायचे आणि तू पाटावर बसून वेल काढताना दिसलीस की गिळायचे. चौदा महिने. मग एका रविवारी ठरवलं, आता बास. उद्या सांगायचं. नोकरी गेली तर गेली. अंबाबाईला नारळ बोलले. सोमवारी कामावर जाऊन तुझं पान उघडलं..."

रत्नप्रभाच्या हातातला पळा तसाच राहिला.

"...आणि ते स्वच्छ होतं. मंगळवारचं पण. आख्खा आठवडा. आत्ती, मी जिन्यात बसून रडले त्या दिवशी. सगळ्यांना साखर वाटली. लोकांनी विचारलं, लग्न ठरलं काय गं? मी म्हटलं, त्याहून मोठं काहीतरी. मला वाटलं, तू बरी झालीस."

घरात तव्याचा वास भरून राहिला. आत्ता, रत्नप्रभाला वाटलं. आत्ता तोंड उघडलं तर संपेल. एक वाक्य. पण ते वाक्य वर आलं की त्याच्याबरोबर तो बाकही वर यायचा, आणि ती साखर, आणि त्या सोमवारनंतरचे उरलेले दहा महिने, ज्यांत औषध अजून लागू पडलं असतं. हे सगळं एका घशातून बाहेर काढायची ताकद तिच्यात नव्हती. राग होता, तेवढाच हाताशी होता.

"भाकरी करपली तुझ्यामुळं," ती म्हणाली.

सन्मती दारातून मागे सरली. मग चपला घालून निघून गेली.

*

शुक्रवारी दुपारी भूपालशेठच्या खोलीत चौघं होते. शेठ, त्यांचे वकील सांगावकर, रत्नप्रभा, आणि दाराजवळ उभी असलेली सन्मती. तिला बसा कुणी म्हटलं नव्हतं.

"आधी एक बघा, अक्का." शेठनी भिंतीवरचा पडदा लावला. "ही भेट समजा."

कोऱ्या पांढऱ्या पानावर रेघ उगवली. हात नव्हता, पेन्सिल नव्हती, नुसती रेघ. खालून निघाली, रेंगाळली, पोटाशी गोल झाली, वळणावर श्वास घ्यावा तशी थबकली आणि पान फुटलं. तिचा डावा हात. चार वर्षांपूर्वीचा, आषाढाआधीचा, निरोगी. रत्नप्रभानं जन्मात न काढलेली वेल तो काढत होता आणि अशी काढत होता की तिच्या मांडीवरचा खरा डावा हात ओढ लागल्यासारखा जागच्या जागी कापू लागला.

"बघा! तुम्ही आता आराम करायचा. हात काम करंल," शेठ कौतुकानं म्हणाले. "म्हातारा होणार नाही, दुखणार नाही, सुट्टी मागणार नाही."

"माझा हात," ती म्हणाली.

"तुमचाच की! तुमच्या नावानंच विकू. नव्या नक्षीसाठी फक्त सही लागती."

वकिलांनी कागद पुढे केला आणि चष्मा सारखा करून वाचला. त्यात तीन कलमं होती. आजारपणात कंपनी रत्नप्रभाबाईंचा सगळा खर्च करील. सन्मती मगदूम हिनं कर्तव्यात कसूर करून, कुणालाही न कळवता, एकटीच्या मर्जीनं सूचना दाबल्या, म्हणून तिला काढण्यात येत आहे आणि तिचं नाव चांदी व्यापाऱ्यांच्या संघाकडे पाठवण्यात येत आहे, जेणेकरून तिला यापुढे कुणी कामावर घेऊ नये. आणि तिसरं, आजवर दिलेलं प्रत्येक पान घराण्याच्या रीतीप्रमाणे, उजवं उजव्या आणि डावं डाव्या हातानं काढलं आहे, असं बाई शपथेवर सांगतात.

"तिसरं जरा औपचारिक," वकील म्हणाले. "जोडाबरोबर आपण गिऱ्हाइकाला दोन्ही हातांचा दाखला देतो ना. परदेशात माल त्याच्यावरच जातो. एक पान जरी खोटं निघालं, तर दावे लागतील. तुमच्यावर आणि आमच्यावर."

"कुणालाही न कळवता?" रत्नप्रभा म्हणाली. "एकटीच्या मर्जीनं?"

शेठ बघत होते पडद्याकडे. "तुम्हीच म्हणाला होता, अक्का. सगळ्या कारखान्यानं ऐकलंय. हिला दारात उभं करू नका म्हणून. मी तुमचा शब्द राखतोय."

खरं होतं. शब्द तिचाच होता. तिनं दाराकडे बघितलं. सन्मती रडत नव्हती. तिनं आत्तीला हलकीशी मान हलवून खूण केली. कर सही. लहानपणी गोळी कडू असली तरी गिळून टाकून अशीच मान हलवायची पोरगी, म्हणजे आत्तीला वाईट वाटू नये.

पडद्यावर दुसरी वेल सुरू झाली होती.

"बंद करा ते," रत्नप्रभा म्हणाली.

"अहो, बघा तरी—"

"बंद करा म्हटलं ना!" तिनं टेबलावर हात मारला. डावा. पेला कलंडला, कागदावर पाणी पसरलं. हात टेबलावर तसाच राहिला, सगळ्यांसमोर, पाखरासारखा फडफडत. तिनं तो पदराखाली घेतला नाही.

"भूपाल," ती म्हणाली. शेठ नाही, भूपालशेठ नाही, ज्या नावानं तो शेंबडा असताना ती हाक मारायची त्या नावानं. "पोरीनं पाचव्याच वेळी तुला सांगितलं होतं. ते बटण तू बसवलंस. माझी थरथर तुला चित्रावरचा मळ वाटली, पुसून टाकलीस आणि खालचा हात ठेवून घेतलास. दोन हजार पानं होईस्तोवर माणूस चाललं पाहिजे, मग मेलं तरी चालतंय. हे मी चांदीच्या संघात बोलणार, आणि कोर्टात बोलणार. तो हात पुसायचा. माझ्या डोळ्यांदेखत."

"पुराव्यात टिकणार नाही, बाई," वकील थंडपणे म्हणाले. "सूचना चौदा महिन्यांनी बंद झाल्या. तुमचा हात बरा झाला असं मशीनच सांगतं. आमची काय चूक? आणि हिनं सांगितलं असतं तरी..."

"वकील, आता लिहून घ्या. तिसरं कलम खोटं आहे."

वकिलांनी चष्मा काढला.

"आत्ती?" सन्मती दारापासून एक पाऊल पुढे आली.

रत्नप्रभा तिच्याकडे वळली. वाक्य बाहेर पडायला वेळ लागला. पाणी कागदाच्या कडेवरून तिच्या लुगड्यावर टिपकत होतं.

"तू साखर वाटलीस त्या सोमवारी मी बरी झाले नव्हते गं. मी हात बदलला होता. डाव्याची सगळी पानं तेव्हापासून उजव्यानं काढली. तुझ्या मशीनच्या आधी मला कळलं होतं, सनू. आंघोळीचा तांब्या हातात वाजला त्या सकाळीच. चौदा महिने तू गिळत होतीस, मी तुझ्याही आधीपासून गिळत होते. तू सांगितलं असतंस तरी मी तुला खोटं पाडलं असतं. तुझ्यावर ओरडले ते..." तिचा आवाज बसला. तिनं तो पुन्हा ओढून वर काढला. "मला भीती वाटत होती. अजून वाटती."